सभिक : एक दुर्लक्षित पात्र

द्यूताविषयी आपल्या वाङ्मयात जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी द्यूतकाराविषयी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून ही परंपरा सुरू होते. त्या सूक्तातील जुगारी सासूच्या तिरस्काराला पात्र झाला आहे, पत्नीला अंतरला आहे, आणि तरीही फाशांचा आवाज कानी पडताच त्याचे पाय सभेकडे वळतात. नळाची कथा आपण लहानपणी ऐकली. धर्मराजाची तर देवळातील कीर्तनात इतक्यांदा ऐकली, की शकुनीचे नाव घेताच श्रोत्यांची मान आपोआप हलते. या कथांतून माणूस कसा बुडतो ते कळते. त्याचे द्रव्य शेवटी कोठे जाते, हा प्रश्न मात्र तेथे फारसा उद्भवत नाही. कारण नळाचे राज्य पुष्कराकडे जाते आणि धर्मराजाचे दुर्योधनाकडे. एका खेळाडूने गमावले ते दुसऱ्या खेळाडूने मिळवले, इतका हा सरळ हिशेब आहे. ज्याची जागा, ज्याचे फासे, ज्याच्या दिव्यात तेल, त्या तिसऱ्या माणसाला या कथांत स्थान नाही.

संस्कृतात या तिसऱ्या माणसाला नाव आहे. त्याला सभिक म्हणतात. आज मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या जहाजांवर जो व्यवसाय चालतो त्याचा मालक हा या सभिकाचाच वंशज होय. असे असता, कॅसिनोविषयी आपल्यात होणारी सारी चर्चा आजही अक्षसूक्ताच्याच भाषेत होते. व्यसन, मोह, कुलनाश, घरच्या लक्ष्मीचे अश्रू. हे सारे खरे आहे. परंतु धंदा समजून घेण्यास ते अपुरे आहे. आणि जो धंदा समजत नाही त्यावर केलेली टीका धंदेवाईकाला कधीच बोचत नाही. या दृष्टीने आपल्या जुन्या साहित्यात एक फार मोलाचे स्थळ आहे, आणि आपण त्याकडे विनोदी प्रवेश म्हणून पाहून पुढे जातो. ते स्थळ म्हणजे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा दुसरा अंक.

संवाहक हा मूळचा पाटलिपुत्राचा, एका गृहस्थाचा मुलगा. अंग रगडण्याची कला शिकलेला. उज्जयिनीचे नाव ऐकून देशांतराला निघाला, तेथे चारुदत्ताच्या पदरी राहिला, आणि चारुदत्त निर्धन झाल्यावर द्यूतावर पोट भरू लागला. दहा सुवर्ण हरून तो पळतो. मागे सभिक माथुर आणि जिंकलेला द्यूतकार. समोर एक ओसाड देऊळ दिसते, त्यात मूर्ती नाही. संवाहक उलट्या पावलांनी आत शिरतो, म्हणजे पाऊलखुणा बाहेर गेल्यासारख्या दिसाव्यात, आणि रिकाम्या पीठावर स्वतःच देव होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे आत येतात, ही मूर्ती लाकडाची की दगडाची याची चर्चा करतात, तिला हलवून पाहतात. मग तेथेच, देवासमोर, फासे मांडून बसतात. फाशांचा खुळखुळाट सुरू झाला मात्र, देवाला देवपण आवरेना. डाव माझा म्हणत तो पीठावरून खाली येतो आणि पकडला जातो.

प्रेक्षागृह येथे हसते, आणि हसावेच. पण शूद्रकाचे खरे निरीक्षण याच्या पुढे आहे. संवाहक द्यूतकाराला म्हणतो, अर्धे देतो, अर्धे सोड. तो कबूल होतो. मग सभिकालाही तसेच म्हणतो, तोही कबूल होतो. तेव्हा संवाहक म्हणतो, अर्धे याने सोडले, अर्धे त्याने सोडले, आता मी निघतो. हा हिशेब माथुर एका क्षणात ओळखतो. आपण निपुण माथुर आहोत, असे तो बजावतो. मग बापाला विक, आईला विक, ते नसतील तर स्वतःला विक, ही त्याची मागणी. पुढे दर्दुरक येतो, तोही जुना जुगारी. तो माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो, संवाहक निसटून वसंतसेनेच्या घरी आश्रय घेतो, आणि ती आपल्या हातातील कडे बाहेर पाठवून त्याचे ऋण फेडते.

कडे हातात पडल्यावर माथुर काय करतो? या ठिकाणी शूद्रकाची लेखणी मला अत्यंत सूक्ष्म वाटते. ज्याला तो घटकेपूर्वी रक्त येईपर्यंत मारत होता, त्याच्यासाठी तो निरोप ठेवतो, की त्या कुलपुत्राला सांगा, तुमचा हिशेब मिटला. आता या आणि पुन्हा खेळा. एवढे बोलून तो रंगभूमीवरून जातो. राग नाही, द्वेष नाही. चोर, ठग, शकुनी यांपैकी कोणाच्याही तोंडी हे वाक्य शोभणार नाही. शकुनीला धर्मराजाशी पुन्हा खेळावयाचे असते ते उरलेसुरले काढून घेण्यासाठी. माथुराला संवाहक पुन्हा हवा आहे तो नेहमीसाठी. हा दुकानदाराचा निरोप आहे.

या एका निरोपात कॅसिनोचा सारा व्यवसाय सामावलेला आहे, आणि हे माझे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून थोडे गणित करणे भाग आहे. रुलेटचे चक्र घ्या. त्यात शून्य ते छत्तीस अशी 37 घरे. एका अंकावर एक रुपया लावला आणि तो अंक आला, तर लावलेला रुपया परत मिळून वर 35 रुपये मिळतात. म्हणजे कोणी सर्व 37 घरांवर एकेक रुपया ठेवला तर प्रत्येक फेरीला त्याचे 37 जातील आणि 36 परत येतील. तो एक रुपया मालकाचा. शेकडा 2.70. अमेरिकेत चक्राला दोन शून्ये असतात, तेथे हाच वाटा 5.26 होतो. यात फसवणूक कोठेही नाही. चक्र प्रामाणिक असण्यातच मालकाचे हित आहे. वाकडे चक्र एखाद्या चाणाक्ष गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल, सरळ चक्र मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

दस्तयेव्स्कीची ‘जुगारी’ ही छोटी कादंबरी, जी त्याने 1866 साली सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली, तिच्यात एक वृद्ध आजी चाकाच्या खुर्चीवरून रुलेटच्या दिवाणखान्यात येते आणि शून्य म्हणजे काय असे विचारते. शून्य आले की टेबलावरचे सारे पेढीचे, हे कळताच ती हट्टाने शून्यावरच पैसे लावते. जिंकते, आणि पुढे सारे हरते. दस्तयेव्स्की स्वतः जर्मनीतील या टेबलांवर वारंवार नागवला गेलेला, म्हणून त्याला पेढीचा वाटा कोठे दडला आहे हे नेमके ठाऊक होते. तथापि त्याचेही सारे लक्ष आजीवर आणि कथानायकाच्या तापलेल्या डोक्यावर आहे. पेढी त्याच्या कादंबरीत कोठेही माणूस म्हणून येत नाही. शूद्रक येथे त्याच्याही पुढे जातो असे मी म्हणेन.

शेकडा 2.70 हा आकडा ऐकून वाचकास वाटेल, की इतका माफक नफा तर आपला वाणीही घेतो. येथेच या धंद्याची मेख आहे. हा वाटा खिशातल्या रकमेवर नसून प्रत्येक डावावर आहे. समजा, एक गृहस्थ वीस हजार रुपये घेऊन आला. तांबडे किंवा काळे यावर दर फेरीला एक हजार लावतो. तासाला चाळीस फेऱ्या होतात असे धरले आणि तो चार तास बसला, तर 160 फेऱ्यांत त्याने एकूण 1,60,000 रुपये लावले. तेच पैसे फिरून फिरून. त्याचा सदतिसावा हिस्सा म्हणजे सुमारे 4,300 रुपये. वीस हजारांतून साडेपाचशे जातील अशी ज्याची समजूत होती त्याच्याकडून सरासरीने आठपट गेले, आणि कोणी त्याच्या खिशात हात घातला नाही. म्हणून मालक विकतो ती वस्तू म्हणजे वेळ. गिऱ्हाइकाने एका डावात सर्वस्व हरून उठावे हे त्याला मुळीच नको असते. बसावे, हळूहळू हरावे, मध्ये थोडे जिंकावे, आणि पुन्हा यावे. दिवाणखान्यात घड्याळ नसणे, खिडकी नसणे, जेवण आणि पेय टेबलापाशी आयते मिळणे, नोटांच्या जागी रंगीत चिप्स हातात येणे, या सर्वांचा अर्थ या एका गुणाकारात आहे. फुकटचे जेवण हे तर उदारपणाचे सोंगही नाही. अमुक गिऱ्हाईक इतके तास, इतक्या रकमेने खेळले तर सरासरीने किती हरेल हे आधीच मांडलेले असते, आणि त्यातला एक भाग त्याच्याच ताटात वाढला जातो.

आणखी एक गोष्ट. वरच्या उदाहरणातील गृहस्थांसारखे शंभर जण त्या रात्री खेळले, तर त्यांतले सुमारे तेहेतीस जिंकून उठतील. तिघांत एक. ही मालकाची हानी नव्हे. ही त्याची जाहिरात आहे, आणि तिच्यासाठी त्याला कागदाचा एक तुकडाही छापावा लागत नाही. जिंकलेला गृहस्थ बेळगावला परत जाऊन ती गोष्ट वर्षभर सांगतो. हरलेले दोघे बोलत नाहीत.

या दृष्टीने पाहता शूद्रकाचा माथुर हा कच्चा व्यावसायिक ठरतो, आणि नाटककाराचा हा दोष म्हणावा की काळाची मर्यादा, याचा निर्णय मी करू शकलेलो नाही. माथुर देवळात स्वतः फासे घेऊन बसतो. आजचा सभिक कधीही खेळत नाही; खेळतो तो पगारी डीलर, ज्याला जिंकण्याहरण्याशी कर्तव्य नाही. माथुर उधारीवर खेळू देतो आणि मग वसुलीसाठी रस्त्यात मारामारी करतो. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार मुळातच निरर्थक ठरवला आहे, त्यामुळे शहाणा मालक आधी रोकड घेतो आणि मगच चिप्स देतो. मकावमध्ये मात्र माथुराची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. चीनच्या मुख्य भूमीत जुगाराचे ऋण न्यायालयातून वसूल होत नाही, म्हणून श्रीमंत गिऱ्हाइके आणणे, त्यांना उधार देणे आणि ती उधारी आपल्या मार्गांनी वसूल करणे यासाठी मध्यस्थांच्या पेढ्याच उभ्या राहिल्या होत्या. 2021 च्या नोव्हेंबरात त्यांतील सर्वांत मोठ्या मध्यस्थाला अटक झाली आणि तो व्यवहार कोसळला.

सभिकाचा खरा शास्त्रकार कौटिल्य. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूताचे प्रकरण आहे, ते वाचताना एखाद्या परवाना कार्यालयाचे परिपत्रक वाचत असल्याचा भास होतो. द्यूत एकाच ठिकाणी चालवावे. अन्यत्र खेळणाऱ्यास दंड करावा. फासे अध्यक्षाने पुरवावेत, आणि ते बदलणाऱ्यास शिक्षा व्हावी. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे. शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे मूल्य, जागेचे मूल्य वेगळे. याज्ञवल्क्यस्मृतीतही सभिकाचा वाटा शेकडा पाच आणि काही डावांत शेकडा दहा असा सांगितला आहे. गंमत अशी, की आज जगभर बॅकरा नावाचा जो पत्त्यांचा खेळ कॅसिनोत सर्वाधिक पैसा मिळवून देतो, त्यात पेढीच्या बाजूने जिंकणाऱ्याकडून नेहमीच्या नियमाप्रमाणे शेकडा पाचच कापले जातात. परंपरेचा हा धागा कोणी मुद्दाम विणलेला नाही, हे उघड आहे.

मनूची भूमिका निराळी. त्याने राजाला राज्यातून द्यूत हद्दपार करण्यास सांगितले, आणि शिक्षा सांगताना द्यूत करणाऱ्याबरोबर करविणाऱ्यालाही स्पष्टपणे गोवले. म्हणजे सभिक मनूला दिसला होता. कौटिल्यालाही दिसला होता, पण त्याने त्याला राजाच्या नोकरीत घेतले. या दोन वाटांपैकी गोव्याने कोणती धरली ते सर्वांना ठाऊक आहे. 1976 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांचा जुगार आणला गेला, 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांच्या खेळांना वाट मिळाली. कायद्याची कल्पना किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांची. जहाजे राहिली ती पणजीच्या समोर मांडवीत, आणि तेथील मुक्कामाला वारंवार मुदतवाढ मिळत गेली. करही तसाच वाढत गेला. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्स विकत घेताना पूर्ण दर्शनी किमतीवर शेकडा 28 आणि 22 सप्टेंबर 2025 पासून शेकडा 40. कौटिल्याच्या पाचाच्या पुढे ही मजल आहे. एवढा कर बसल्यावर धंदा आपोआप आटेल असे मानणारे लोक आहेत. मला त्यांच्याइतकी खात्री वाटत नाही; ज्याच्या कमाईत आपला वाटा मोठा त्याचा नाश कोणता भागीदार चिंतील?

2020 च्या आरंभी गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश बंद झाला. या निर्णयाचे आपल्या देवळादेवळांतून स्वागत झाले असल्यास त्यात नवल नाही, आणि ज्या घरातला महिन्याचा पगार त्यामुळे घरी पोहोचू लागला असेल त्या घराला हा निर्बंध देवाच्या कृपेसारखाच वाटला असेल. त्याची थट्टा करणे मला शक्य नाही. परंतु समीक्षकाच्या नात्याने एवढे म्हणावेसे वाटते, की हा निर्णय पुन्हा त्याच जुन्या वाचनातून निघालेला आहे. आपला द्यूतकार वाचवा. सभिक राहू द्या. मोनाकोच्या राजाने हेच केले. 1863 साली फ्रांस्वा ब्लांक या जर्मनीतील मुरलेल्या सभिकाकडे माँटे कार्लोचा मक्ता गेला, मोनाकोच्या प्रजेला त्या टेबलांवर बसण्यास मनाई झाली, आणि 1869 साली प्रजेचे प्रत्यक्ष करही माफ झाले. परक्यांच्या हरण्यावर राज्य चालू लागले. व्यवस्था चोख आहे. तिचे गिऱ्हाईक बाहेरून येते एवढेच.

हे बाहेरचे गिऱ्हाईक कोण, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता असू नये. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर. मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनासाठी कुटुंबासह आलेला कुळावी संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर उभा राहतो आणि त्याच्यासाठी फेरीबोट तयार असते. त्याच देवाचे, त्याच गोत्राचे दोन भाऊ. गोव्यात राहणाऱ्यास मज्जाव, परमुलखात स्थायिक झालेल्यास आमंत्रण. शूद्रकाचा संवाहकही उज्जयिनीचा नव्हता, हे येथे आठवते.

आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. जत्रेत मांडवापासून थोड्या अंतरावर चित्रांचे पट पसरलेले ज्यांनी पाहिले नाहीत असे वाचक थोडेच असतील. जेथे सहा चित्रे आणि तीन फासे असा पट असतो, आणि आपले चित्र एकदा, दोनदा वा तीनदा आले तर अनुक्रमे एकपट, दुप्पट, तिप्पट मिळते, तेथील गणित मी मांडून पाहिले. तीन फाशांचे 216 प्रकार. त्यांपैकी 125 प्रकारांत लावलेला रुपया जातो. 75 प्रकारांत एक रुपया मिळतो, 15 प्रकारांत दोन, एका प्रकारात तीन. मिळकत 108, तोटा 125. फरक 17, म्हणजे शेकडा 7.87. मांडवीतल्या झगमगत्या जहाजावरील रुलेटच्या जवळजवळ तिप्पट वाटा हा पटवाला घेतो, आणि तोही दहा-दहा रुपये लावणाऱ्या माणसांकडून. कौटिल्याने जागेचे मूल्य वेगळे घ्यावयास सांगितले होते. आपल्या जत्रांत ते मूल्य कोणी घेत असेल, तर ते कोणाच्या वहीत जमा होते, हे प्रत्येक देवस्थानच्या महाजनांनी आपल्या ठिकाणी पाहावे.

सभापर्वाकडे एकदा पुन्हा वळतो, कारण तेथेही सभिकाची एक सावली आहे आणि ती आपण ओलांडून जातो. द्यूत ठरल्यावर धृतराष्ट्र प्रथम काय करतो? तो एक सभा बांधवतो. हजार खांबांची, शंभर दारांची, सोने आणि वैडूर्य जडवलेली. मग विदुराला पाठवून निरोप देतो, की ही नवी सभा पाहावयास भावांसह या, आणि स्नेहाने थोडे खेळू. धर्मराजाला आमंत्रण मिळते ते वास्तू पाहण्याचे. कीर्तनकार शकुनीच्या फाशांवर तासभर बोलतात. या शंभर दारांवर एकही वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. मृच्छकटिकाचा दुसरा अंक तर कीर्तनात येतच नाही, आणि का येऊ नये हे मला उमगत नाही. त्यात देऊळ आहे, खोटा देव आहे, शेवटी विरक्ती आहे. संवाहक पुढे बौद्ध भिक्षू होतो आणि आठव्या अंकात वसंतसेनेचे प्राण वाचवून तिच्या कड्याची उतराई होतो. कथेकऱ्याला याहून अधिक काय हवे? फक्त सांगताना माथुराच्या शेवटच्या निरोपाशी थोडे थांबावे, आणि उज्जयिनीच्या त्या द्यूतसभेत दुसऱ्या दिवशी संवाहकाच्या जागी कोण येऊन बसला असेल, हा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावा. नाटकात त्याचे उत्तर नाही. शूद्रक संवाहकाच्या मागे गेला, आणि माथुर पुन्हा रंगभूमीवर आला नाही.